उन्हाचे बियाणे आणि उन्हातली माणसे

१

आपल्या चळवळीने पाण्याचा इतिहास मांडला, जमिनीचा इतिहास मांडला. तो मांडणे भागच होते. महाडचा लढा तळ्याच्या पाण्यासाठी होता आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह जमिनीसाठी होते. बियाण्याचा इतिहास मात्र आपण कृषी विद्यापीठांवर सोपवून मोकळे झालो. बियाणे ही जणू जातिविरहित, निर्गुण वस्तू आहे; तिला मालक नाही, मजूर नाही, भूतकाळ नाही, असे आपण गृहीत धरले. हे गृहीत तपासून पाहण्याची वेळ आता आली आहे.

वेळ आली आहे असे म्हणण्याला कारण आहे. २०२२चा मार्च महिना हा १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेत दाणा भरण्याच्या ऐन वेळी गहू होरपळला आणि १३ मे २०२२ रोजी केंद्र शासनाने गव्हाची निर्यात बंद केली. तापमान १ अंशाने वाढले की जगातले गव्हाचे उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटते, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१५ सालीच मांडला होता. तेव्हापासून उष्णता सोसणारे वाण हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत आणि शासकीय परिपत्रकांत रुळला आहे. त्यापाठोपाठ २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले आणि ज्वारी, बाजरी, नाचणी ह्यांना त्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘श्रीअन्न’ असे नाव मिळाले. कालपर्यंत जे गरिबाचे खाणे होते, ज्याच्या भाकरीला सणावारी पंक्तीत जागा नव्हती, त्याला ‘श्री’ लागले. ज्या धान्याला ‘श्री’ लागले ते धान्य उन्हात तगवणाऱ्यांना मात्र काय लागले, हा प्रश्न विचारावा म्हणून हा लेख लिहिला आहे.

मी इतिहासाचा शिक्षक आहे, वनस्पतिशास्त्राचा नाही. तरीही ज्वारीचा इतिहास हा माझ्या विषयाचा भाग आहे असे मी समजतो. ज्या देशात बलुते दाण्याने मोजले जात होते, त्या देशात दाण्याचा इतिहास हाच समाजाचा इतिहास असतो.

२

आधी रोप उन्हात कसे तगते हे समजून घेतले पाहिजे. ते समजल्याशिवाय पुढचा विचार हवेत राहील.

रोपाला सावलीत जाता येत नाही. ज्या जागी रुजले त्याच जागी त्याला जगावे किंवा मरावे लागते. मुळांनी ओढलेले पाणी पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ होऊन निघून जाते आणि त्याबरोबर पान थंड राहते. माणसाला घाम येतो तसेच हे. जमिनीत ओल असेतोवर भर उन्हातही पान तापत नाही. ओल संपली की रोप रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण पान तापू लागते. म्हणून शेतात तहान आणि ताप ह्या दोन गोष्टी बहुधा हातात हात घालून येतात. शास्त्रज्ञ त्या वेगळ्या मोजतात आणि ते बरोबरही आहे. पण कोरडवाहू शेतातल्या रोपाला त्या वेगळ्या भेटत नाहीत.

सर्वांत नाजूक काळ फुलोऱ्याचा. पान करपले तर दुसरे येते, परंतु परागकण मेला तर दाणा भरतच नाही. ज्वारीच्या बाबतीत फुलोऱ्यात पारा सुमारे ३६ ते ३८ अंशांच्या वर गेला की अनेक वाणांत दाणे धरण्याचे प्रमाण घसरू लागते. कणीस उभे राहते, पण ते पोचट. काही वाण मात्र त्याही तापात दाणा धरतात. दुसरा नाजूक काळ दाणा भरण्याचा. उष्णता वाढली की रोप घाई करते, आयुष्य आटोपते घेते आणि दाणा बारीक राहतो.

ज्वारीजवळ ह्या संकटावर काही उपाय आहेत. तिच्या पानांवर आणि ताटावर मेणाचा पांढुरका थर असतो. ऊन वाढले की पान सुरळीसारखे वळते आणि उन्हाला अंग कमी देते. मुळे खोल जातात. पाऊस लांबला तर रोप वाढ थांबवून वाट पाहते आणि ओल मिळताच पुन्हा वाढू लागते. काही वाणांत आणखी एक गुण आढळतो. शेवटच्या टप्प्यात जमीन कोरडी पडली तरी त्यांची पाने हिरवी राहतात, ताट लोळत नाही आणि दाणा भरत राहतो.

हे गुण एका पिढीत आले नाहीत. दर वर्षी जे ताट तगले त्याचे कणीस बियाण्याला राखायचे आणि जे गेले ते गेले, अशी निवड शेकडो पिढ्या झाली, तेव्हा ते बियाण्यात मुरले. निवड हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. निवड म्हटली की निवडणारा हात आला. तो हात कुणाचा, हा आपला प्रश्न.

३

ज्वारी मूळची आफ्रिकेची. पूर्व सुदानमध्ये कसाला शहराच्या परिसरात सापडलेल्या पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या खापरांत ज्वारीच्या तुसांचे ठसे मिळाले आणि त्यांवरून त्या काळी तेथे ज्वारी लागवडीखाली येत होती असे २०१७ साली जाहीर झाले. तेथून ती इ.स.पूर्व दुसऱ्या सहस्रकात भारतीय उपखंडात आली. दख्खनची माती तिला इतकी मानवली की आपण तिला आपलीच समजू लागलो. आपला जोंधळा हा आफ्रिकेतल्या काळ्या शेतकऱ्याने घडवून दिलेला आहे, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात कोठेही सांगितली जात नाही.

महाराष्ट्रात तिची अनेक रूपे झाली. हुरड्याची गुळभेंडी वेगळी आणि कठीण दाण्याची दगडी वेगळी. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, बीड, नगर ह्या पट्ट्यात रब्बीची मालदांडी रुजली. तिची पेरणी सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाच्या ओलीवर होते. नंतर बहुधा थेंबही पडत नाही. काळी माती भेगाळत जाते, भेगांबरोबर मुळेही तुटतात आणि फेब्रुवारीचे ऊन चढू लागते तेव्हा दाणा भरत असतो. ज्या पिकाला चार महिने साठवणीच्या ओलीवर काढायचे असतात, त्याची ही परीक्षा आहे. मालदांडी ह्या परीक्षेत उतरली.

१९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ येथील संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून एक वाण निवडून काढण्यात आला. त्याला एम ३५-१ हे नाव मिळाले. पांढरा, गोल, मोत्यासारखा चकाकणारा दाणा, चवीला भाकरी, गुरांना भरपूर कडबा, खोडमाशीला बऱ्यापैकी दाद न देणारे रोप. पुढे किती संकरित वाण आले आणि गेले, पण रब्बीच्या कोरडवाहू रानात अनेक दशके हाच वाण टिकून राहिला. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले तेही ह्याच मालदांडीच्या कीर्तीवर.

येथे एक गोष्ट नीट पाहावी. मोहोळच्या शास्त्रज्ञांनी मालदांडी निर्माण केली नाही. ती त्यांनी निवडली. त्यांच्या कामाचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. हजार ताटांतून एक ताट ओळखणे, त्याची शुद्ध ओळ राखणे, वर्षानुवर्षे तपासणे ही मोठी तपश्चर्या आहे. परंतु त्यांच्या हातात पडण्यापूर्वी शेकडो वर्षे ती निवड खळ्यावर चालू होती. नोंदवहीत केंद्राचे नाव आले, वाणाला क्रमांक मिळाला. खळ्यावरच्या हाताची नोंद मात्र झाली नाही.

खळ्यावरचे हात कुणाचे होते? रान मालकाचे होते, ह्यात वाद नाही. पण कणसे मोडणारे, मळणी करणारे, उपणणारे हात बहुतांशी बायकांचे आणि अस्पृश्यांचे होते. माझी आई आणि आजी सुगीला दुसऱ्याच्या रानात ज्वारी उपटायला जात. काळ्या रानातली रब्बीची ज्वारी मुळासकट उपटतात. त्या कामाने तळहात सोलून निघतात. काढणी झाल्यावर मागे राहिलेली कणसे त्या वेचत. त्याला सरवा म्हणतात. सरव्याच्या कणसांतूनही आजी टपोरे कणीस बाजूला काढून आढ्याला बांधून ठेवी. पेरायला आमच्याकडे रान नव्हते. तरी ती ते ठेवी आणि पेरणीच्या दिवसांत मालकीण ते मागून नेई. बदल्यात चार पायल्या खाण्याचे दाणे देई. चांगले कणीस कोणते हे आजीला कळते, हे मालकिणीला पक्के ठाऊक होते. हा एका घरचा अनुभव आहे आणि त्यावरून मी सगळ्या मुलखाचा नियम करणार नाही. पण निवडीचे ज्ञान आणि जमिनीची मालकी ह्या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे त्यावरून मला उमगले.

२००१ साली वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा झाला. पारंपरिक वाण जतन करणाऱ्याला आणि निवडीने त्यात भर घालणाऱ्याला त्या कायद्याने शेतकरी म्हणून मान्यता दिली. कायद्याच्या ह्या व्याख्येत माझी आजी बसू शकते. कागदावर मात्र ती नाही. कारण कागद सातबाऱ्यापासून सुरू होतो.

४

ज्वारीचा दुसरा प्रवास पश्चिमेला झाला. तो आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आफ्रिकेतून गुलामांची जहाजे अमेरिकेला गेली. त्या जहाजांतून माणसांबरोबर ज्वारीही गेली. तेथे तिला गिनीचे धान्य म्हणत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी वाण गेले. त्यांतल्या एकाचे नाव मिलो आणि दुसऱ्याचे काफिर. काफिर हा मुळात अरबी शब्द, अर्थ नास्तिक. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांनी तो काळ्या माणसाला हिणवण्यासाठी वापरला आणि त्यांच्या ज्वारीलाही तेच नाव दिले. १९७२ साली हार्लन आणि दि वेट ह्या दोन शास्त्रज्ञांनी ज्वारीचे पाच मुख्य वंश ठरवले तेव्हा त्यांतल्या एका वंशाचे नाव काफिरच राहिले. आपल्या मालदांडीचा वंश दुर्रा. आपल्याकडे माणसाचे नाव घाणीवरून ठेवण्याची रीत होती. तेथे शिवीचे नाव धान्याला चिकटले.

१९५४ साली टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड ह्यांनी दाखवून दिले की मिलो आणि काफिर ह्यांच्या संकरातून अशी ज्वारी मिळते जिचा पराग वांझ असतो. अशा रोपावर दुसऱ्या वाणाचा पराग सहज घालता येतो. त्यामुळे संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर करणे शक्य झाले. ह्याच पद्धतीने १९६४ साली भारतात सी.एस.एच. १ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. त्याची मादी ओळ अमेरिकेतली कम्बाइन काफिर ६०. आपल्या खेड्यांत ज्याला नुसते ‘हायब्रीड’ म्हणत ते हेच. खरिपात त्याने उत्पन्न वाढवले हे नाकारता येणार नाही. पण काढणीच्या वेळी पाऊस आला की त्याचा दाणा काळा पडे आणि बुटक्या ताटाचा कडबा कमी निघे. रब्बीच्या कोरड्या रानात तर त्याचे पाय टेकले नाहीत.

पुढे १९७२चा दुष्काळ पडला. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो आली. आजी दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडी आणि संध्याकाळी त्या मिलोची भाकरी थापी. ती भाकरी तव्यावर फाटे आणि घशाखाली उतरत नसे, असे ती सांगे. आज इतिहासाचा शिक्षक म्हणून मला त्या तव्यावर तीन खंड एकत्र दिसतात. आफ्रिकेतल्या काळ्या माणसाने घडवलेले धान्य. अमेरिकेत गुलामांच्या वंशजांनी ज्या मातीत घाम गाळला त्या देशाचे गोदाम. आणि महाराष्ट्रातल्या एका महार बाईची भूक. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिने अमेरिकेतल्या काळ्यांच्या संघटनेवरून नाव घेतले. नावाचे नाते तेव्हा सर्वांना दिसले. दाण्याचे नाते कुणाच्या ध्यानात आले नाही.

ह्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या बीजपेढीत आज १ लाखाहून अधिक नमुने आहेत. ज्वारीच्या नमुन्यांपैकी एक इथिओपियाचा आहे, क्रमांक आय.एस. १२५५५. तो दुर्रा वंशाचा, म्हणजे आपल्या मालदांडीच्या गोत्रातला. उष्ण प्रदेशातल्या उंच ज्वाऱ्या आपल्या हवामानात वापरता याव्यात म्हणून १९६३ साली अमेरिकेत एक मोठा कार्यक्रम सुरू झाला होता. त्यात ह्या इथिओपियन ज्वारीपासून टेक्सासमध्ये बी ३५ ही ओळ तयार झाली. जमीन कोरडी पडल्यावरही पाने हिरवी ठेवण्याचा जो गुण मी वर सांगितला, त्याचा जगातला सर्वांत प्रसिद्ध स्रोत म्हणजे ही ओळ. पुढे तोच गुण पाटणचेरूच्या शास्त्रज्ञांनी एम ३५-१ सारख्या भारतीय वाणांत उतरवण्याचे प्रयत्न केले. इथिओपियाच्या डोंगरातून टेक्सास, टेक्सासहून पाटणचेरू आणि पाटणचेरूहून मोहोळच्या वाणात असा हा प्रवास आहे. ह्या मार्गावर प्रत्येक संस्थेचे नाव आहे. फक्त इथिओपियातल्या ज्या शेतकऱ्याच्या रानात ते कणीस उभे होते त्याचे नाव नाही.

ह्याला एक उजळ अपवाद आहे आणि तो सांगितला नाही तर चित्र एकांगी होईल. गेबिसा इजेटा हा इथिओपियाचा मुलगा. गवताच्या एका खोलीच्या झोपडीत जन्मलेला, निरक्षर आईने शिकवण्याचा ध्यास घेतलेला, शाळेसाठी सुमारे २० किलोमीटर चालत जाणारा. तो अमेरिकेत जाऊन ज्वारीचा शास्त्रज्ञ झाला, इक्रिसॅटतर्फे सुदानला गेला आणि १९८३ साली त्याने तयार केलेला हगीन दुर्रा-१ हा अवर्षणाला तोंड देणारा संकरित वाण तेथे प्रसारित झाला. २००९ साली त्याला जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ज्यांच्या पूर्वजांनी ज्वारी घडवली त्यांच्यातल्या एकाला प्रयोगशाळेचे दार उघडले, तर तो काय करू शकतो ह्याचे हे उदाहरण आहे. दार उघडले तर, हे शब्द येथे महत्त्वाचे.

५

आता मूळ मुद्द्याकडे येतो. रोपाने ताप सोसला तर त्याला गुण म्हणतात. त्याची नोंद होते, त्याला क्रमांक मिळतो, ते थंड पेटीत जपून ठेवतात. माणसाने ताप सोसला तर काय म्हणतात?

माझ्या लहानपणी एका बागायतदाराच्या तोंडून मी ऐकले होते, “ह्या लोकांच्या अंगाला ऊन लागत नाही.” पुढे प्राध्यापक झाल्यावर एका सुशिक्षित सहकाऱ्याने तेच सभ्य भाषेत सांगितले, “तुमच्या लोकांना सवय असते.” दोघांच्या भाषेत फरक आहे, विचार एकच आहे. तो असा की ऊन सोसणे हा काही माणसांच्या देहाचा जन्मजात गुण आहे आणि म्हणून त्यांना उन्हात उभे करण्यात काही गैर नाही.

हा विचार एकट्या आपल्या देशाचा नाही. काळ्या माणसाचा देह उष्ण मुलखातल्या कष्टासाठीच घडलेला आहे, हा अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या समर्थकांचा आवडता युक्तिवाद होता. लुइझियानाचा डॉ. सॅम्युएल कार्टराइट ह्याने तर गुलामाला पळून जावेसे वाटते हाच एक रोग आहे असे १८५१ साली लिहिले होते. जेथे शास्त्र मालकाच्या बाजूचे होते, तेथे ते असेच बोलले.

खरे शास्त्र काय सांगते? १९६२ साली इटलीत फेरुच्चो रितोसा हा संशोधक फळमाशीच्या पेशी तपासत होता. उबवणपेटीचे तापमान चुकून वाढलेले होते आणि त्या पेशींच्या गुणसूत्रांवर काही जागा फुगलेल्या त्याला दिसल्या. ताप बसताच पेशी विशेष प्रथिने तयार करू लागते आणि इतर प्रथिनांची घडी विस्कटू देत नाही, हे त्यावरूनच पुढे उलगडले. ही व्यवस्था माशीत आहे, ज्वारीत आहे, माणसातही आहे. ब्राह्मणाच्या पेशीत एक आणि महाराच्या पेशीत दुसरी, असा प्रकार नाही. कोणत्याही निरोगी माणसाचे शरीर आठवड्या-दोन आठवड्यांत उन्हाशी काही प्रमाणात जुळवून घेते आणि उन्हातून दूर गेले की काही आठवड्यांत ती सवय मोडते. सवय ही कामाची असते, जातीची नाही. तिलाही मर्यादा आहे. हवेत दमटपणा वाढला की घाम वाळत नाही. घाम वाळला नाही की देह थंड होत नाही. मग सवय असलेला माणूसही पडतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये वंशशुद्धीच्या युक्तिवादाचा समाचार घेतला आहे. जात ही वंश सुधारण्यासाठी निर्माण झालेली व्यवस्था आहे, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी ह्या देशातल्या खुरटलेल्या देहांकडे बोट दाखवून उत्तर दिले. त्यांचा हा मुद्दा मला पीकपैदाशीच्या संदर्भात फार मोलाचा वाटतो. रोपांच्या पैदाशीत निवड असते, म्हणजेच जे तगले नाही ते टाकून देणे असते. मालदांडीच्या ओळीमागे करपून गेलेली अगणित ताटे आहेत. रोपाच्या बाबतीत ही पद्धत योग्य आहे. समाजाने माणसांच्या बाबतीत तीच वापरली. काहींना पिढ्यान्पिढ्या गावकुसाबाहेर, उन्हात, माळावर ठेवले आणि जे तगले त्यांच्याकडे पाहून म्हटले की हे उन्हासाठीच जन्मले आहेत. जे तगले नाहीत त्यांची मोजदाद झाली नाही. बियाण्याला लागणारा नियम माणसाला लावणे ह्याचेच नाव जातिव्यवस्था.

६

आजच्या संशोधनाकडे पाहिले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे केले आहेत. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा. हलकी जमीन ओल धरत नाही, म्हणून तेथे लवकर येणारा आणि ताण सोसणारा वाण हवा. शास्त्र म्हणून हे अगदी बरोबर आहे. पण महाराष्ट्रात जमिनीची खोली ही निव्वळ भूगर्भाची बाब नाही. काळी, खोल, नदीकाठची जमीन कुणाकडे आणि मुरमाड गायरान कुणाकडे, हे इतिहासाने ठरवले आहे. अनुसूचित जाती लोकसंख्येच्या १६.६ टक्के आहेत, असे २०११ची जनगणना सांगते. तर त्यांच्या वहितीखालचे क्षेत्र देशातल्या एकूण क्षेत्राच्या १० टक्क्यांहूनही कमी आहे, असे २०१५-१६ची कृषी गणना सांगते. आणि जे आहे ते बहुधा माळरानावरचे. तेव्हा हलक्या जमिनीसाठी वाण काढणारा शास्त्रज्ञ, त्याला माहीत असो वा नसो, आपल्या माणसांसाठी वाण काढत असतो. ह्याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे. त्या वाणावर जोतीरावांचे नाव आहे हेही उचित आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहिणाऱ्या माणसाचे नाव बियाण्यावर नको तर कशावर हवे?

परंतु प्रश्न येथेच संपत नाही. मुरमाड रानात सोसणारा वाण पेरणे हा पोटापुरता उपाय आहे. तो न्याय नव्हे. ज्याच्याकडे विहीर आहे त्याच्या पिकाला ताप सोसण्याची वेळच येत नाही, कारण त्याची ओल संपत नाही. पाणी हा उष्णतेवरचा पहिला उतारा आहे, हे आपण रोपाच्या पानावरून पाहिले. तेव्हा एकाला पाणी आणि दुसऱ्याला सोसणारे बियाणे अशी वाटणी होत असेल, तर ती जुन्याच वाटणीची नवी आवृत्ती आहे. एकाला गावातला पाणवठा आणि दुसऱ्याला तहान सहन करण्याची शिकवण, ह्याहून ती वेगळी कशी?

आणि ज्यांच्याकडे मुरमाड रानही नाही त्यांचे काय? २०१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अंदाज केला की २०३० साली उष्णतेमुळे भारतात कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील; म्हणजे पूर्णवेळच्या ३ कोटी ४० लाख रोजगारांइतके काम. त्याची सर्वाधिक झळ शेतीला आणि बांधकामाला. हे वाया गेलेले तास कुणाच्या मजुरीतून कापले जाणार हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. ज्वारीचा परागकण कोणत्या अंशाला मरतो हे आपल्याला माहीत आहे, आणि ते माहीत असणे ही विज्ञानाची थोर कामगिरी आहे. ज्वारी उपटणाऱ्या बाईच्या मजुरीच्या हिशेबात मात्र उन्हाचा रकाना नसतो. तिच्यासाठी दुपारची सुट्टी, सावली आणि पाणी हा तिचा हक्क आहे, मालकाची मेहरबानी नव्हे, असे मानायला समाज अजून तयार नाही.

७

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ ह्या आपल्या मसुद्यात शेती हा राज्याचा उद्योग असावा असे मांडले. जमीन गावकऱ्यांना जात-धर्म न पाहता कसायला द्यावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असा भेदच उरू नये, आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत व बियाणे राज्याने पुरवावे, अशी ती योजना होती. पाणी आणि बियाणे एकाच वाक्यात, एकाच हक्काच्या पोटात त्यांनी ठेवले, हे मी मुद्दाम अधोरेखित करतो. आज आपल्याला बियाणे सुटे करून दाखवले जाते आणि जमीन, पाणी, मजुरी हे प्रश्न जुने झाले असे सांगितले जाते. ते जुने झाले आहेत; पण सुटलेले नाहीत.

म्हणून चळवळीतल्या मित्रांना आणि माझ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की कृषिविज्ञानाकडे परक्यासारखे पाहू नका. ते आपले आहे. त्याचे पहिले धडे आपल्या आज्यांनी खळ्यावर गिरवले आहेत. आपली मुले कृषी विद्यापीठात केवळ राखीव जागेवर नव्हे, पैदासकाराच्या खुर्चीवरही बसली पाहिजेत. आपापल्या गावात कोणते वाण होते, ते कुणी राखले, सुगीला कोण राबत होते, हे म्हाताऱ्या बायकांना विचारून लिहून ठेवा. त्या गेल्या की हा इतिहासही जाईल. आणि उष्णता सोसणाऱ्या वाणांची चर्चा जेथे जेथे होईल तेथे उठून एक प्रश्न विचारा: रोपाला उन्हातून सोडवण्यासाठी तुम्ही एवढे केलेत, रोपाशेजारी वाकून उभ्या असलेल्या माणसासाठी काय केलेत?

रोपाला जागा सोडता येत नाही, म्हणून त्याला सोसावे लागते. माणसाला रोपासारखे एका जागी रोवून ठेवणे आणि मग त्याच्या सोसण्याचे कौतुक करणे, ह्याला संस्कृती म्हणत नाहीत. सोसणारे बियाणे आपल्याला हवे आहे. सोसणारी माणसे आता नकोत.